कॉक बंद केला काय?

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. सर्व्हरचे लॉग बघून पोट भरणारा माणूस मी... जे लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही, असं वर तोंड करून सांगणारा. तरी हे लिहितोय.

आमचं वावर पातूरजवळ. विहीर एक, वाटेकरी तीन भाऊबंद. आपलं ओलित झालं की आपल्या पाइपाचा कॉक बंद करायचा, नाहीतर बाकीच्यांच्या भाजीला पाणी पोचत नाही. मी वावरातून आलो की जेवलास का, हे बाबा कधी विचारायचे नाहीत. एकच प्रश्न — "गजा, कॉक बंद केला काय?" बाबांना जाऊन दोन वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात धाकटी बहीण मंदा अकोल्याला बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. गट ए निगेटिव्ह, रक्तपेढीत शिल्लक नाही. रक्तदात्यांची यादी असलेली एक वेबसाइट मीच बनवलीय, अमरावतीहून चालवतो... आणि नेमकी त्या दुपारी तीच बंद पडली. "पातूरच्या मंदाला रक्त हवं" हा मेसेज सगळीकडे फिरला आणि जो तो साइटवर 'पातूर' शोधू लागला. डेटाबेसची कनेक्शनं मोजकी असतात, ती सगळी अडकली. रीस्टार्ट केलं की पाच मिनिटं चालायची, पुन्हा ठप्प. शोधच हळू चालतोय असं समजून मी तो वेगवान करायला इंडेक्स टाकत बसलो.

तेवढ्यात आईचा फोन. ती रडत होती. आणि तिच्या रडण्यामागून, अगदी स्पष्ट — "गजा, कॉक बंद केला काय?"

"आई, कोन बोललं?"

"कोनी नाई रे. मी एकटीच बसून राह्यली बाकड्यावर. तू रक्ताचं पाह्य लवकर."

मी कोड उघडला. यादीत पातूरचा दाता नव्हताच. अशा वेळी कोड 'दाता नाही' दाखवून परत फिरायचा, घेतलेलं कनेक्शन मात्र उघडंच राहायचं. ते बंद करणारी ओळ मीच विसरलो होतो. ओळ टाकली, साइट सुरू झाली. यादीत सापडलेला अकोल्यातला एक फूलवाला दुकान तसंच टाकून रक्त द्यायला धावला. मंदा वाचली. त्या भल्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आवाजाचं म्हणाल तर भास असेल, असं मीही धरून चाललो. कोणाला बोललोसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मंदा नीट बोलायला लागली.

"दादा, मले शुद्ध नवती तवा बाबा आलते. इचारत होते, गजानं कॉक बंद केला काय."

"मंग? तू काय म्हनलं?"

"म्हनलं, करून राह्यला थो."

याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. भाची आता रांगायला लागलीय. आणि मी, कोड लिहून झाला की रिकाम्या खोलीत मोठ्यानं सांगतो — केला, बाबा.