आक्का बोलायची थांबली तेव्हा

निपाणीत तंबूत बोलपट लागायचे तेव्हा बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला आणि मध्ये काथ्याची दोरी. मी हटकून दोरीला लागून बसायचो आणि दर खेपेला पस्तावायचो. पलीकडं माझी थोरली बहीण, माहेरी परतलेली आमची आक्का, आणि तिच्याजवळ आमची शेजारीण असायची. शेजारणीला कानडीखेरीज काही कळत नसे. पडद्यावर मराठीत एक वाक्य झालं, की आक्का ते तिला कानडीत सांगायची. अख्खा बोलपट मला दोनदा ऐकावा लागे. मी तंबाखूच्या वखारीत कारकून होतो आणि बोलपटाच्या कथा लिहायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. आक्का माझं हे शिक्षण बुडवणार, असं वाटायचं. आज तो वैतागसुद्धा आठवला की जीव हळहळतो.

एकदा आक्का मध्येच गप्प झाली. आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटलं, म्हणून वाकून पाहिलं. पडद्यावर एक म्हातारा गेलेल्या मुलाच्या वहाणा पुसत बसला होता. बोलत कुणीच नव्हतं. इकडं दोघीही पदरानं डोळे टिपत होत्या. आक्कानं काही सांगितलं नव्हतं आणि शेजारणीचं काही अडलं नव्हतं.

पुढं कोल्हापूरच्या एका कंपनीनं माझी कथा बघायचं कबूल केलं. वडिलांनी, आप्पांनी, बजावलं, एवढ्या खेपेला काय करायचं ते कर, जमलं नाही तर वखार सोडायचं नाव काढू नकोस. मी कथा दोघींना वाचून दाखवली. भाषणं अशी लांबलचक, की कानडीत सांगता सांगता आक्काला पाण्याचा घोट घ्यायला फुरसत मिळाली नाही.

"लई बोलत्यात रं तुझी माणसं," ती म्हणाली. "मला तोंड मिटायला जागाच न्हाय."

आठ दिवस मी धुसफुसत होतो. मग एक नवा प्रसंग लिहिला. त्यात बोलणं नव्हतंच, म्हणून तो दोघींना करूनच दाखवला. संक्रांतीआधी कासार बांगड्या भरायला घरी आलाय. बायका एकेक करून हात पुढं करताहेत. त्यांच्यात नुकतीच विधवा झालेली लेक सवयीनं आपलाही हात पुढं करते. कासार बांगडी उचलतो, तिच्या आईकडं बघतो. आई मान खाली घालते. कासार तो हात अलगद लेकीच्या मांडीवर ठेवून देतो.

हे मी रचलं नव्हतं. आमच्याच घरच्या सोप्यात पाहिलं होतं.

आक्का गप्प होती. शेजारणीनं तिच्याकडं पाहिलं आणि उठून आपल्या घरी गेली. माझ्या डोक्यात एकच, की जमलं.

"धाड कोल्हापूरला," आक्का म्हणाली. "चांगलं झालंय. पण बोलपट आला की मला चल म्हनू नको."

कथा पसंत पडली, मी वखार सोडली. बोलपट बेळगावात लागला तेव्हा मी पुन्हा पुन्हा जाऊन मागं उभा राहायचो. त्या प्रसंगाला सगळं थेटर चिडीचूप व्हायचं आणि मी फुलून जायचो. हे सुचलं कसं, असं कुणी विचारलं तर हसून वेळ मारून न्यायचो. आक्का त्यानंतर कुठल्याच बोलपटाला आली नाही. मी तिला तो प्रसंग करून दाखवला होता. लिहू का, असं मात्र विचारलं नव्हतं. आता विचारायला ती नाही.