बंद रांगेची हिरवी खूण

"खोट्या रांगेले इचारलं तर थे होच म्हणते," असं सरिता आडे एकदा थट्टेनं म्हणाली होती, आणि ऑफिसात सगळे हसले होते.

पुसदजवळच्या तांड्यावरची सरिता गावातल्या एका छोट्या कंपनीत जावास्क्रिप्टचा प्रोग्राम सांभाळायची. कापूस खरेदी केंद्रावर कोणाचा नंबर कधी, याचे निरोप आधी सर्व्हरवरच्या एका रांगेत पडत आणि तिथून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जात. रांगेशी जोडणी शाबूत आहे का, हे पाहणारी चाचणी तिनंच लिहिली होती, पण घाईत खऱ्या रांगेऐवजी कायम 'जोडणी आहे' असंच उत्तर देणारी नकली रांग बसवून. नंतर बदलू म्हणाली, ते राहूनच गेलं.

सोमवारी जोडणी तुटली. दोनशे निरोप अडकले. बुधवारी ऐकीव बातमीवर माणसं केंद्रावर धावली, तर त्यांचे नंबर निघून गेलेले. त्यांत तांड्यावरचे लखीरामकाका होते. कापसाची गाडी परत नेताना त्यांनी तिला फोन केला. रागावले नाहीत, आणि तेच तिला खुपत राहिलं.

"चाचणी हिरवी हाय ना? मंग दोष नेटवर्कवर ढकल अन् मोकळी हो," मालक गजेंद्रभाऊ म्हणाले. "कायले जीवाले लावून घेतं, बाई?"

सरितानं खरी रांग बंद केली आणि त्यांच्यासमोरच चाचणी चालवली. तरीही पडद्यावर 'सगळं ठीक'ची हिरवी खूण उमटली.

भाऊंचं हसू मावळलं. "कोनं लिवली हे?"

तिनं या बिघाडाच्या अहवालात 'चूक कोणाची' या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं, लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला आणि बाहेर पडली.