चिकाची काडी

मुरबाडहून टोकावड्याला आत्याकडे निघालो होतो, वडील आणि मी. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. वाटेत एसटीचं पाणी उकळलं आणि ड्रायव्हर डबा घेऊन ओढ्याकडे गेला. वडील डोळे मिटून बसले. मी खाली उतरले, कारण शेजारच्या बायका सारखं काहीतरी विचारत होत्या आणि मला उत्तरं सुचत नव्हती. शाळा सगळी इंग्रजीतून झालेली. अनोळखी माणसांपुढे माझं मराठी घशातच राहायचं.

रस्त्यालगत पांगारा फुलला होता. खालच्या फांदीवर तुरेवाला पक्षी बसला होता. बुलबुल, हे लगेच कळलं; कोणता, ते कळेना. माझ्या पक्ष्यांच्या पुस्तकात त्याच्यासारखे दोन होते, दोघांच्याही शेपटीखाली लाल. गालावर लाल ठिपका असला तर तो रेड-व्हिस्कर्ड. गाल दिसावा म्हणून मी एकेक पाऊल पुढे गेले. पक्षी उडाला नाही. काळी टोकदार शेंडी, पांढरा गाल, डोळ्यामागे लाल ठिपका. इतक्या जवळून मी कधी पाहिलाच नव्हता. मग त्याची उघडी चोच दिसली. पाय आणि एक पंख फांदीत खोचलेल्या काडीला चिकटले होते.

वेणीचं खोबरेल बोटांना चोळून मी त्याला सोडवला. वाकडातिकडा उडाला, पण गेला.

"सोडलास?"

मागे एक ठाकर बाई उभी होती. ती ओरडली नाही, याचीच मला भीती वाटली.

"वडाचा चीक शिजवून काडी लावलेली, बाय. सकालपासून बसलेय. पोराचा ताप उतारला, पन तोंडात काय घेत नाय. पेज दिली, थुकला. आज बोल्ला, आये, पाखराचा रस्सा दे. इतक्या दिसांत पयल्यांदा कायतरी मागितला."

मी बसमधून पुऱ्यांचा डबा आणून पुढे केला.

"ह्ये तो नाय खायाचा. तुमच्याकडं पाखरं नाय काय गो? आमचीच सोडाया आलीस?"

तिने काडी पुन्हा नीट खोचली, मला हाताला धरून करवंदीच्या जाळीआड बसवलं. "हलू नको. जोडीचा दुसरा येल. चुलीच्या धुरानं माजी लांबची नजर गेली. तू सांग."

ते जोडीने राहतात, हे मलाही माहीत होतं. आम्ही बसून राहिलो. साळुंक्या आल्या, गेल्या. मग शेंड्यावरच्या फुलांत एक तुरा हलला. मान वळली आणि लाल ठिपका दिसला.

"आला का?"

साळुंकी आहे म्हटलं असतं तर तिला कळलं नसतं. ती झाडाकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आलाय," मी म्हणाले. "अजून वर आहे."

तिने माझं मनगट दाबून धरलं. पक्षी फुलाफुलावरून खाली येत राहिला. तो काडीवर बसला तेव्हाच तिने हात सोडला. पुढचं तिने पटकन केलं. मी मान फिरवली नाही.

पक्षी पदरात बांधून ती बांधावरून जवळजवळ धावतच निघाली. पोराने रस्सा घेतला का, हे मला कधीच कळणार नव्हतं. एसटी हलली तेव्हा ती अजून शेतातच होती, आणि मधूनमधून पदर चाचपत होती.