पंच कोणाकडे?

बोट वर करायच्या आधी तो डाव्या हाताने टोपी मागे सारायचा. मग बोट, आणि बोटामागोमाग वाक्य: "जे दिखनं, ते दिधं." दिसलं ते दिलं, विषय संपला. फलंदाजाने कितीही थयथयाट केला तरी त्याच्याकडून पुढचा शब्द निघायचा नाही. देवपुरातल्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत त्याला सगळे पंच म्हणत. त्याला खरं नाव होतं, पण ते फक्त त्याची थोरली बहीण, म्हणजे अक्का घेत.

मी शाळामास्तर. त्याच्या जोडीला स्क्वेअर लेगला उभा राहायचो. तिथे निर्णय कमी आणि ऊन जास्त असतं.

पोटासाठी तो जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून द्यायचा. लग्न केलं नाही. अक्का विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हापासून घरात ही दोघंच. उरलेला जीव त्याने क्रिकेटला आणि पक्षाला अर्धा अर्धा वाटून दिला होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो सतरंज्या उचलायचा, घोषणा द्यायचा. पक्षाने काय दिलं, असं विचारलं तर म्हणायचा, "मास्तर, हाक मारतात ना, अजून काय पाहिजे?"

मग पक्ष फुटला. आता हे तुम्हालाही काही नवीन नाही. कोण कोणाबरोबर आहे हे सकाळी वाचावं आणि संध्याकाळी विसरावं, अशी वेळ आपल्या सगळ्यांवर आली आहे. आमच्याकडचे दोन पुढारी एका ताटात जेवलेले, ते एकमेकांच्या गल्लीतून जाईनासे झाले. दोन कार्यालयं झाली, एकाच मैदानावर दोन चषक झाले. दोन्ही बॅनरवर खालच्या रांगेत पंचाचा फोटो होता, एकीकडे हसरा, एकीकडे गंभीर. चहाच्या टपरीवर लोक त्याला अडवून विचारायचे, "पंच, तू कोनाकडे शे?"

"मी तं आठेच शे ना भो," तो म्हणायचा. इथेच आहे की. लोक हसायचे. तो हसायचा नाही. एकदा मलाच म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिकलेले. सांगा बरं, मी कोणाकडे?" मी बराच विचार केला आणि चहा सांगितला.

पुढे कोणीतरी समेटाची टूम काढली. दोन्ही गटांच्या कार्यकर्त्यांचा मैत्रीपूर्ण सामना ठरला. मैत्री पहिल्या षटकात संपली. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. फलंदाज पंचाच्या टोकाला धावला, फेक थेट आली, स्टंप उडाले. मांडवातून दोन्ही पुढारी उभे राहिले. अर्धं मैदान "आऊट" म्हणून ओरडत होतं, अर्धं "नाही" म्हणून.

पंचाचा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. मी धावत गेलो. तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत असेन असं वाटत नव्हतं.

"दिखनं नही, मास्तर," तो म्हणाला. टोपी माझ्या हातात दिली आणि फाटकातून बाहेर पडला. चार हातांवर घडलेलं त्याला दिसलं कसं नाही? की दिसलं आणि देता आलं नाही? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

दुसऱ्या दिवशी सभापतीच्या निवडीसाठी दोन्ही गटांनी आपापले नगरसेवक सहलीला पळवले. निवड होईपर्यंत माणसं फुटू नयेत म्हणून त्यांना बसमध्ये घालून लांब नेऊन ठेवायचं, ही आपली रीत. सोबत राखणीला कार्यकर्तेही जातात. पंच दिसेना, तेव्हा या गटाने मानलं की तो त्यांच्या बसमध्ये गेला, आणि त्या गटाने मानलं की यांच्या. दोघांनीही त्याला गद्दार म्हणून घेतलं. अक्का शेजारणींना सांगत होत्या, "सहलले गयेल शे." त्याचा फोन बंद होता, पण सहलीत फोन काढूनच घेतात. मीही निर्धास्त होतो.

बस परत आल्या. गुलाल उधळला. अक्का आधी एका बसच्या दारात उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या. शेवटचा माणूस उतरला तरी उभ्याच होत्या.

पोलिसांत नोंद झाली, पेपरला बातमी आली, आणि दोन्ही पुढारी एकाच संध्याकाळी अक्कांच्या ओट्यावर आले. दोघेही म्हणाले, तो आमचा माणूस.

"मंग त्याले धुंडं का नही?" अक्कांनी विचारलं.

दोघेही म्हणाले, "वाटलं, तिकडे असेल." सगळ्यांचं त्याच्यावर प्रेम होतं, यात मला आजही शंका नाही. म्हणूनच डोकं चालत नाही.

कोणी म्हणालं शिरपूरकडे दिसला, कोणी म्हणालं जळगावच्या बाजूला. मी अक्कांना म्हटलं, तो मैदानापासून लांब राहू शकणार नाही. तेव्हापासून रविवारी जिथे सामना असेल तिथे आम्ही दोघं जातो आणि आधी पंच बघतो. अक्कांनी आयुष्यात क्रिकेट पाहिलं नव्हतं. आता त्या बाइज आणि लेगबाइज विचारतात.

परवा चोपड्याच्या पुढे एका मैदानावर पाठमोरा पंच तसाच वाटला, खांदा तसाच उतरता. अक्का बांधाच्या बाजूने चालत त्याच्या समोर जाऊन आल्या. आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. आम्ही डाव संपेपर्यंत बसलो. ऊन चढलं, मला भूक लागली. अक्कांच्या पिशवीत डबा होता, कळण्याच्या भाकरीचा वास येत होता. म्हटलं, "अक्का, काढता का डबा?"

अक्कांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तो त्याना शे," त्या म्हणाल्या. "तुले घर जाईसन वाढसू."