सासऱ्यांच्या खुर्चीवर करवत

आमच्या जिन्यात बातमी पसरली की वरच्या मजल्यावरच्या सुनेने सासऱ्यांच्या खुर्चीवर करवत चालवली. म्हातारा बाल्कनीत बसून रस्ता न्याहाळतो, तेसुद्धा म्हणे हिला बघवेना.

शहानिशा करायला मी स्वतः वर गेले. अशी कामं मी दुसऱ्यावर सोपवत नाही. करवत खरीच होती, पण ती सुताराच्या हातात, आणि सासरे शेजारी स्टुलावर बसून लग्नाला आल्यासारखे खूश.

झालं होतं असं. ही सून गणितातली. ओझ्याखाली वाकणाऱ्या वस्तूला कोणता आकार दिला की कमी मालात ती जास्त ताठ राहील, हे शोधण्याचा तिला पगार मिळतो. आणि सासऱ्यांची खुर्ची म्हणजे निव्वळ धोंडा. ऊन अंगावर आलं की ती हलवायला कोणाला तरी हाक मारावी लागायची. हाक मारणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून ते तसेच भाजत बसायचे.

"मग हलकी नवी घ्यायची की," मी म्हटलं.

"ही मी माझ्या हाताने बनवलीय," सासरे म्हणाले. विषय संपला.

सुनेने लाकडावर खडूने रेघा मारल्या होत्या. "काकू, घरकामासारखंच आहे. जिथलं लाकूड नुसतं बसून खातं, तिथलं काढायचं. जिथलं राबून दमलंय, तिथल्याला हात लावायचा नाही."

"या हिशेबाने आमच्याकडे आधी नवऱ्यावर करवत चालेल."

सुतार रंगात आला होता. "ताई, इथलं अजून थोडं उडवू?"

"नको. आता कडेला कुठेही चिमूटभर काढा नाहीतर घाला, खुर्चीच्या ताठपणात फरक सगळीकडे सारखाच पडतो. इथलं तिथे करून काही मिळायचं नाही. थांबायची खूण हीच."

सासरे उठले. खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि कोणालाही हाक न मारता सावलीत नेऊन ठेवली. बसले. उठले, पुन्हा उन्हात आणली, पुन्हा सावलीत नेली. शेवटी सूनच म्हणाली, "बाबा, पुरे."

मग मीही कौतुकाने त्यांच्याजवळ गेले आणि खुर्चीच्या हातावर टेकले. गप्पा तशाच रंगतात. हात करकरला आणि चांगलाच वाकला. मी उठले तसा तो सरळ झाला, माझा चेहरा मात्र वाकडाच राहिला.

"चुकलं ना गं तुझं गणित?" मी विचारलं.

"गणित बरोबर आहे, काकू. त्यात खुर्चीत बसणारे धरलेत, हातावर टेकून चौकशा करणारे धरले नाहीत."