शेवया वळताना सांगितलेले खून

त्या दुपारी आईच्या हातातली शेवई मधेच तुटली. आईच्या हातची शेवई कधी तुटत न्हाय. मी बाजेवर उभा, एका हातात चमचा, तोंडात खुन्याचा आवाज, आणि समोरच्या सात-आठ बाया माझ्याकडं अशा बघायलेल्या, जसं मीच कुणाला तरी मारून आलोय. मला वाटलं, वा, आज काम जमलं! एवढा गाढव मी.

पण आधी हे खून काय होते ते सांगतो.

आमच्या कळंबला बाजाराच्या मैदानात तंबूतलं टाकीज यायचं. पडद्यावर देव आले की आमच्या गल्लीतल्या बाया झाडून जायच्या, नारळ घेऊन. पण तंबूत दुसऱ्या तऱ्हेचा खेळ लागला की त्यांना बंदी. त्याला आमच्याकडं काळा सिनेमा म्हणायचे. आता काळे-पांढरे तर सगळेच सिनेमे होते, पण ह्यात पांढरं लई कमी. अर्धा पडदा अंधारात, माणसाच्या आधी त्याची सावली भिंतीवर यायची, रस्ता कायम ओला, आणि कुणीतरी कुणाला तरी मारलेलं असायचं. पुरुष बघायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "बायांनी बघण्यासारखं काय न्हाय त्यात." मग बायांना तेच पाहिजे.

तर मी सांगायचो. मॅट्रिक झालो होतो, नोकरी लागायची होती, आणि मला नकलांशिवाय काय येत नव्हतं. हेडमास्तर, कंडक्टर, म्हैस, तहसीलदार, सगळे माझ्या तोंडात. उन्हाळ्यात बाया आमच्या अंगणात शेवया वळायला बसायच्या. पाट तिरका लावायचा, एकीनं तळव्यानं पिठाची दोरी वळायची, दुसरीनं ती लांबवत खाली घ्यायची, तिसरीनं काठीवर वाळत घालायची. काम दुपारभराचं. तेवढ्यात माझा एक सिनेमा बसायचा. डोक्यावर आमच्या वडलांची, अण्णांची, जुनी रुमी टोपी, निजामाच्या काळात ते तहसिलीत घालायचे ती, गोंडा तोडलेली. बोटात सिगरेट म्हणून खडू. आणि भर उन्हात मी अंधार सांगायचो.

तुम्ही हे सिनेमे बघितले नसतील तर सांगतो, सगळे एकसारखे नसतात. एक असतो मुंबईचा. त्यात टॅक्सी, क्लब, नाचणारी बाई, आणि हिरो स्वतःच अर्धा चोर. हा आमच्या गल्लीला लई आवडायचा, कारण नाचणारीचं लुगडं कसं होतं ते मला तीन-तीनदा विचारायच्या. मी काय सांगणार, माझं लक्ष लुगड्यावर नव्हतं. दुसरा हवेलीचा. धुकं, दार वाजतंय, पांढऱ्या कपड्यातली बाई गात चाललीय, आणि शेवटी कळतं की भूत-बित काय न्हाय, कुणीतरी जिवंत माणूसच हे सगळं करतोय. मला विचाराल तर भुतापेक्षा हे भयानक. तिसरा कोर्टाचा, बिनगुन्ह्याच्या माणसाला फाशी लागायला आलीय असा. त्यातल्या वकिलाची उर्दू मी अण्णांकडून घोटून घेतली होती. आणि चौथा इंग्रजी. तो मी सोलापुरात रविवारी सकाळी बघितला. एक शब्द कळला न्हाय, पण खिडकीच्या पट्ट्यांची सावली हिरोच्या तोंडावर अशी पडली होती की वाटलं, हा आत्ताच तुरुंगात हाय, ह्याला फक्त माहीत न्हाय. त्यात खून करणारी बाई निघाली. मी हे सांगितलं तर आई चिडली.

"बाईला कशाला खुनी करतूस रं?"

शेजारची काकू शेवई लांबवत म्हणाली, "का? बाईला राग येत न्हाय व्हय?"

ही काकू माझी सगळ्यात पक्की गिऱ्हाईक. दहा सिनेमे ऐकून ती इतकी तयार झाली होती की मी निम्म्यात आलो की खुनी ओळखायची. तिचा कायदा सोपा. "लई गोड बोलतंय न्हवं, मग ह्योच." आणि तेच तर खरं हाय ह्या सिनेमाचं. देवाच्या सिनेमात राक्षस दारातनंच हसत येतो, पोरालाबी कळतं. इथं वाईट माणूस म्हणतो, दमला असाल, पाणी घ्या. मला तर हे बघून पहिल्यांदा धक्काच बसला होता. त्यानंतर मी आठ दिवस पोस्टमनकडं संशयानं बघत होतो.

त्या साली शेवया आक्काच्या रुखवताच्या होत्या. आक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तेरच्या शाळेतले एक मास्तर तिला बघून गेले होते, त्यांच्या मामाला घेऊन. मुरमुऱ्याचा सुशीला झाला, चहा झाला, गल्लीतल्या बाया दाराआडनं बघून गेल्या. मी कोपऱ्यात बसून माझं काम करत होतो, म्हणजे मास्तर पाठ करत होतो. शांत माणूस. बोलायच्या आधी चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे, तोंड उघडायचे, "असं आहे बघा," म्हणायचे, मग एक आवंढा गिळून चष्मा परत घालायचे आणि म्हणायचे, "यंदा ऊन फार." तीनदा झालं हे. मला हसू दाबता येईना.

ते गेल्यावर आक्का म्हणाली, "बरं हाय माणूस." आता आक्काचं हे म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं न्हाय. आधी बघून गेलेल्या एकाला ती दोडका म्हणायची आणि दुसऱ्याला भिजलेलं पोतं. ह्या माणसाला तिनं काहीच नाव ठेवलं न्हाय. दुसऱ्या दिवशी गुणगुणत भांडी घासत होती. सोयरीक जवळजवळ ठरलीच होती, फक्त सुपारी फुटायची बाकी.

आणि त्याच आठवड्यात मी तो डॉक्टरचा सिनेमा सांगितला. एक श्रीमंत विधवा आजारी, पुतण्यावर सगळ्यांचा संशय, आणि एक भला डॉक्टर रोज येऊन तिची नाडी बघतो, चमच्यानं औषध देतो. शेवटी कळतं, विष त्या चमच्यात. पडद्यावरचा डॉक्टर नुसता हसला होता. पण मला वाटलं, इथं कायतरी करायला पाहिजे. मी चमचा उचलला, आणि देवाशपथ सांगतो, मी ठरवलं नव्हतं, माझा दुसरा हात आपोआप डोळ्याकडं गेला. नसलेला चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आवंढा गिळला, आणि मास्तरांच्या आवाजात म्हणलं, "असं आहे बघा. औषध घ्या."

तिथं आईची शेवई तुटली.

काकूनं काठी खाली ठेवली. "ह्यो तर आपला..." एवढंच म्हणाली, आणि आक्काकडं बघितलं. आक्का उठून आत गेली.

आता आमच्याकडं एक रीत हाय. ठरत आलेल्या सोयरिकीबद्दल वाईट कळलं तरी कुणी तोंडावर सांगत न्हाय, मोडल्याचं पाप लागतं म्हणून. आडून सांगायचं. कुणाच्या तरी लांबच्या गावच्या मुलीची गोष्ट काढायची, ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. हे मला माहीत होतं. पण माझ्या नकलेला कुणी असं धरेल, हे डोक्यातबी आलं न्हाय.

काकूनं मला चुलीपाशी गाठलं. "काय कळलंय तुला? मोकळं बोल."

"काकू, आईशप्पथ, काय न्हाय. नक्कल होती."

"ज्याला ठावं असतं त्योच न्हाय म्हणतो. तूच सांगितलंस न्हवं, त्या कोर्टाच्या शिनेमात?"

मी जितकं न्हाय म्हणायचो तितकं तिचं पक्कं होत जायचं. माझ्याच सिनेमांनी मला बांधून टाकलं. आईनं अण्णांच्या कानावर घातलं. अण्णा कमी बोलणारे. त्यांनी मला फक्त विचारलं, "पाहिलंस का काही?" मी न्हाय म्हणलो. ते म्हणाले, "मग असं का केलंस?" मी टोपी काढून खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मास्तरांच्या मामांना कार्ड लिहिलं: तूर्त थांबावं.

ते कार्ड मी स्वतः पेटीत टाकून आलो, त्यांनीच पाठवलं मला. येताना तोंडातनं एक आवाज निघंना, म्हशीचासुदिक.

आक्का रडली-बिडली न्हाय. शेवयांचा डबा बंद करत म्हणाली, "तू बोललास न्हवं? मग तूच निस्तर."

म्हणून मी तेरला गेलो. ढोकीपर्यंत बसनं, पुढं एकाच्या बैलगाडीत. वाटेत मी माफीची चार-पाच भाषणं तयार केली, एक तर वकिलाच्या आवाजात. शाळेची मधली सुट्टी झाली होती. मास्तर लिंबाखाली एकटेच उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि मग मी काय बोलतोय ते ऐकून हळूहळू विझत गेला. मी सगळं सांगितलं. डॉक्टर, चमचा, चष्मा. म्हणलं, "घरच्यांना वाटतंय, तुम्ही कायतरी लपवलंय. खरं तर काय न्हाय, माझा गाढवपणा हाय सगळा."

मला वाटलं चिडतील, नायतर हसतील. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी उलटं त्यांनाच विचारलं,

"काय, कुणी सांगितलं?"

ते खाली मुळीवर बसले. मग म्हणाले, त्यांना क्षय झाला होता. दीड वर्ष सॅनेटोरियममध्ये होते. सुया घेतल्या, बरे झाले, होऊन चार वर्षं झाली. मामांनी तंबी दिली होती की मुलीकडं एक अक्षर काढायचं न्हाय. "तुमच्या घरी तीनदा ओठांपर्यंत आलं," ते म्हणाले. "तीनदा गिळलं. शेजारी मामा बसले होते."

जो आवंढा मी त्यांची गंमत म्हणून उचलला होता, तो हा होता. माझ्या डोक्याला काही कळलं नव्हतं, आणि हातांनी, गळ्यानं सगळं अंगणात मांडून ठेवलं होतं. काकूला मी येडी समजत होतो. ती बरोबर होती. एवढे सिनेमे बघितले मी, पण असा शेवट बघितला नव्हता, की खुनी सापडतो आणि तो खुनी नसतोच, नुसता घाबरलेला माणूस असतो.

परत येऊन आक्काला परसात गाठलं आणि सांगितलं. कुठलाच आवाज न काढता, माझ्या स्वतःच्या आवाजात. मला तो नीट येत न्हाय.

तिनं विचारलं, "खोकतात का?"

"न्हाय."

"सुया संपल्या?"

"कवाच. डॉक्टरचा कागद हाय म्हणाले."

"मग सांगितलं का न्हाय?"

"मामा नको म्हणाले."

"मामाशी लगीन लावायचंय व्हय माझं?" तिनं बादली आपटली. मग तीच उचलून विहिरीत सोडली. म्हणाली, "त्यांना सांग, येऊन अण्णांना बोला म्हणावं. एकट्यानं. आणि बायांच्या पुढं, नायतर काकू पुढची दहा वर्षं सिनेमा करील त्याचा."

रविवारी ते आले. मामा नव्हते. काखेत एक लांबडं खाकी पाकीट. अंगणात बाया पापड लाटत होत्या, त्यांना वाटलं, मीच मास्तरांना गमतीला बोलावलंय. मास्तरांनी चष्मा काढला न्हाय. अण्णांसमोर उभं राहून सरळ सांगून टाकलं, सगळं, मामांसकट. लाटणी थांबली. आईनं पदर तोंडाला लावला. मग त्यांनी पाकिटातनं एक काळी फिल्म काढली आणि सूर्याकडं धरली. छातीचा फोटो. सगळा अंधार, आणि त्यात पांढऱ्या फासळ्या.

"अगं बया, हाडं!" काकू ओरडली.

"ही जुनी," ते म्हणाले, आणि दुसरी काढली. "ही आत्ताची. इथं डाग होता. आता नाही."

बाया उठून जवळ आल्या. उन्हात डोळे बारीक करून बघायला लागल्या. अण्णांनी डॉक्टरचा कागद घेतला आणि इंग्रजीतला एकेक शब्द बोटाखाली धरून वाचत बसले. निजामाच्या फायली वाचताना बसायचे तसे, घाई न करता.

तेवढ्यात मास्तरांनी पाणी पिऊन ठेवलेला तांब्या काकूनं पदराच्या टोकानं धरून बाजूला, राखेच्या ढिगापाशी नेऊन ठेवला. वेगळा घासायला. मास्तरांनी ते बघितलं आणि फिल्म पाकिटात घालायला लागले. पाकीट काय उघडंना त्यांना.

आक्का दारात होती. तिनंबी बघितलं. ती तांब्याकडं गेली न्हाय, काकूला काही बोलली न्हाय. आत गेली. जेवणाचे पाट मांडल्याचा आवाज आला, एक, दोन. अण्णांचा आणि माझा. मग ती परत दारात आली. परक्या पुरुषांसमोर आमची आक्का आवाज चढवून कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

"अण्णा, तिसरा पाट मांडू का?"

मी अण्णांकडं बघितलं. काकूचं तोंड उघडं राहिलेलं. आईचं लाटणं घरंगळत माझ्या पायाशी आलं. अण्णांनी कागदाची घडी केली, हळू, चार पदरी, आणि मास्तरांच्या हातात दिली.

"मांड," म्हणाले. "माझ्या शेजारी मांड."