अनेकदा मेलेली माझी वहिनी

सईचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. वर्गात मी फोन घेत नाही, पण तिसऱ्यांदा वाजला म्हणून व्हरांड्यात आले. "आत्या, मोशीच्या पुढं… आईच्या स्कूटरला कंटेनरनं…" एवढंच बोलली ती, पुढं नुसता रस्त्याचा आवाज. निगडीहून मी पोचेपर्यंत रोहिणीवहिनीला दवाखान्यात हलवलं होतं आणि तिथं डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रस्त्यावर दुभाजकाला चेपून बसलेली स्कूटर, काचा, एक चप्पल आणि कुणीतरी वरून माती टाकलेलं रक्त. कडेच्या चहावाल्यानं माझ्याकडं पाहिलं आणि स्वतःहूनच बोलायला लागला. "मॅडम, खरं सांगू का, आमाला वाटलं शूटिंग चाललंय. टीव्हीतल्या हवालदारीणबाई, समद्यांनी वळखलं. लोक क्यामेरा कुठं हाय ते बघत व्हते…" दहा मिनिटं गेली अशी. कदाचित जास्तच. संध्याकाळपर्यंत ती क्लिप माझ्याही फोनवर येऊन पोचली. तिच्यात कुणीतरी म्हणतो, "काय भारी ॲक्टिंग करते राव!" मी ती एकदाच पाहिली. वहिनी आडवी पडलेली आहे आणि तिच्या उजव्या हाताची बोटं हलताहेत. इतकी वर्षं तिनं टीव्हीवर प्रेतांची कामं केली, पण बोट कधी हलू दिलं नव्हतं.

आता पाच आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायचं तर माझ्याविषयीही लिहावं लागेल, आणि माझ्याविषयी लिहिण्यासारखं फारसं चांगलं नाही. तरी लिहिते.

आम्ही मूळचे औसा तालुक्यातले. वडील गेल्यावर माझा थोरला भाऊ, दादा, चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर लागला आणि त्यानं आईला आणि मला रुपीनगरात आणलं. दादा नट होता. खरंच चांगला नट होता, हे मला आजही नाकारता येत नाही. पहिली पाळी करून आला की स्टीलच्या कपाटाच्या आरशापुढं उभा राहून संवाद म्हणायचा आणि विळीवरचा आईचा हात तसाच थांबायचा. रोहिणीवहिनी लग्न होऊन आली तेव्हा मान वर करून बोलत नसे. ती नाटकात आली तीही केवळ नाइलाजानं. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी दादाच्या गटाला बाई मिळेना, तेव्हा दादानं बायकोला उभं केलं. दादा नवरा, ती बायको. शेवटच्या प्रवेशात तिला नवऱ्याच्या थोबाडीत मारायची होती. तालमीत तिचा हात गालापाशी येऊन थांबायचा. "मार की खरं! काय लोणी लावायलीस?" दादा ओरडायचा. प्रयोगाच्या दिवशी तिनं मारली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि टाळ्या थांबेनात. अभिनयाचं पहिलं बक्षीस तिला मिळालं. दादाचं नाव उत्तेजनार्थमध्येही नव्हतं.

येताना वहिनी दादाच्या मोटारसायकलवर मागं बसली होती. भक्ती-शक्ती चौकात त्यानं गाडी थांबवली, "उतर" म्हणाला आणि निघून गेला. वहिनी नऊवारी साडीत, हातात करंडक घेऊन रुपीनगरापर्यंत चालत आली. दार दादानं उघडलं. त्यानं तिला आत घेतलं आणि तीच थोबाडीत तिला परत केली. मोजून नाही, दमेपर्यंत. करंडकाच्या लाकडी बैठकीनं तिची भुवई फुटली. आई म्हणाली, "चारचौघांत नवऱ्यावर हात उचलल्यावर दुसरं काय व्हईल?" मी तेव्हा डी.एड.ला होते. अभ्यासाचं पुस्तक तोंडापुढं धरून बसून होते.

त्या प्रयोगाला टीव्हीवरच्या एका गुन्हेगारी मालिकेचा माणूस आला होता. अशा मालिकेत खऱ्या खुनाची गोष्ट नटांकडून करवून दाखवतात. दादानं त्याला स्वतःचे फोटो दिले, पण बोलावणं आलं वहिनीला. दादानं जाऊ दिलं, कारण तिच्या पाठोपाठ आपलाही नंबर लागेल अशी त्याला आशा होती. सुटी टाकून तो तिच्यासोबत जायचा, प्लॅस्टिकच्या खुर्चीत दिवसभर बसायचा आणि कुणी विचारलं नाही की तसाच परत यायचा. वहिनी मात्र मरत राहिली. कालव्यात, उसात, गोणीत, पलंगाखाली. कधी सासऱ्यानं मारलेली, कधी प्रियकरानं, पण बहुतेक वेळा नवऱ्यानं. "वन्सं, मरणं सोपं असतं," ती मला म्हणाली होती, "श्वास धरून ठेवायचा. मुंग्या वाईट. पापणीवर मुंगी चढली तरी हलायचं नाही…"

भाग लागला की सगळे बसून पाहायचे. तो संपला की दादा टीव्ही बंद करायचा, आणि सईला बाहेर खेळायला पाठवलं की समजायचं. "परक्या माणसाचा मार खाताना लाज वाटत नाही, मग माझा खाताना काय झालं?" हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलेलं आहे. ती पदराचा बोळा तोंडात धरायची. टीव्हीवर जिची किंकाळी सगळ्या महाराष्ट्रानं ऐकली, ती घरात आवाज काढत नसे.

एका रविवारी दुपारी मी माहेरी गेले होते. माझं लग्न झालं होतं, निगडीत शाळेत नोकरी लागली होती. सईसकट सगळ्यांची जेवणं होता होता काहीतरी निघालं आणि दादानं तिला केसांना धरून स्वयंपाकघरात ओढलं. ताट उलटलं. तो लाथा घालत होता, ती ओट्याखाली अंग चोरून घेत होती. बरगडीवर लाथ बसल्याचा आवाज वेगळा असतो. सुकं लाकूड मोडावं तसा. आईनं टीव्हीचा आवाज वाढवला. आणि मी उठले. वहिनीला वाटलं असेल की मी मध्ये पडायला उठले. मी पुढच्या दारापाशी गेले आणि आतून कडी लावली, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. वळले तेव्हा वहिनी ओट्याखालून माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती शूटिंगला गेली. प्रवेश नवऱ्याच्या मारहाणीचाच होता. समोरचा नट भला मुलगा, त्यानं नुसता हात लावला आणि ती अशी किंचाळली की तो रडवेला होऊन मागं सरला. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. "एक्सरे नंतर काढला," ती पुढं कधीतरी हसत सांगायची, "दोन बरगड्या मोडल्या होत्या."

त्यानंतर काही महिन्यांनी दादानं पहिल्यांदा सईवर हात टाकला. सहा वर्षांची पोर. आईला सोड म्हणून ती बापाच्या पायाला चावली होती. दुपारची वेळ, दादा दुसऱ्या पाळीला निघायचा होता. त्यानं सईची वेणी मुठीत धरली आणि तिचं डोकं ओट्यावर दाबलं, दुसऱ्या हातानं कमरेचा पट्टा सोडायला लागला. वहिनी चटणी कुटत होती. लोखंडी बत्ता तिच्या हातातच होता. वेणी धरलेल्या त्या हातावर तिनं तो घातला. एकदा घातला तेव्हा मूठ सुटली. मूठ सुटल्यावरही तिनं आणखी दोनदा घातला. हे तिनं कधी लपवलं नाही. "पहिला सईसाठी," ती म्हणायची, "पुढचे दोन माझे." तीन बोटं चेचली. दादा जमिनीवर पडून गुरासारखा ओरडत होता, चटणीवर रक्त सांडलं होतं. तिनं गॅस बंद केला, सईचं तोंड धुतलं, बत्ता पिशवीत टाकला आणि पोरीला घेऊन पोलीस चौकीत चालत गेली.

"मी नवऱ्याला मारलंय. का मारलंय तेही लिहून घ्या."

चौकीतला हवालदार तिच्याकडं बघत राहिला. "ताई, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. त्या कालव्यात सापडल्या होत्या…"

"हो. गोणीत पण मीच होते."

माझा जबाब घ्यायला पोलीस घरी आले तेव्हा आईनं माझा हात घट्ट धरला होता. "घरातलं घरात ऱ्हाऊ दे. भाऊ हाय तुजा." मी सांगितलं, दादानं कधी हात उचललेला मी पाहिला नाही. खाली, शाळेत करते तशी, सुवाच्य सही केली. जामीन होईपर्यंत वहिनी कोठडीत राहिली. मालिकेवाल्यांनी तिला काढलं. सुटल्यावर तिला मोशीत एक खोली मिळाली, पण तिचं बस्तान बसेपर्यंत सई माझ्याकडंच होती.

तिथं एक गोष्ट घडली. माझ्या नवऱ्याशी माझं कशावरून तरी वाजलं. साधं भांडण, कुठल्याही घरात होतं तसं. आमचे आवाज चढले तशी सई खेळ सोडून उठली, स्टूल ओढत दारापाशी नेलं, वर चढली आणि कडी लावली. मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "शेजारी ऐकतात ना. तूच लावतेस की, आत्या."

मी मोरीत जाऊन पाण्याचा नळ सोडला आणि खूप वेळ तिथं उभी राहिले.

कोर्टात मला दादाच्या बाजूची साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. वकिलानं मला विचारलं आणि मी त्या रविवारपासून सुरुवात केली. लाथा सांगितल्या, टीव्हीचा आवाज सांगितला. "दाराची कडी मी लावली," म्हणाले, "आधी पोलिसांना दिलेला जबाब खोटा आहे." आई बाकावरून उठून निघून गेली. बाहेर आवारात दादा माझी वाट बघत होता. त्याचा उजवा हात आता वाकड्या काटकीसारखा झाला होता, म्हणून त्यानं डाव्यानं मारलं. सरळ तोंडावर. ओठ फुटून दात आत घुसला. दुसऱ्यांदा उगारलेलं त्याचं मनगट वहिनीनं हवेतच पकडलं. आयुष्यभर त्याला "अहो" म्हणणारी बाई हळू आवाजात म्हणाली, "तेवढा एकच हात राहिलाय तुझा."

दादा गेला. तिनं मला नळापाशी नेलं, माझ्या तोंडातलं रक्त धुतलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल, निदान उपकार तरी मानेल. रुमाल पिळता पिळता ती एवढंच म्हणाली, "कल्पना, कडी लावताना तुझा हात थरथरत होता. मी पाहिलं होतं." तिनं मला वन्सं म्हणायचं सोडलं ते त्या दिवसापासून. स्वतःच्या आणि मुलीच्या बचावासाठी मारलं, असं म्हणून कोर्टानं तिला सोडलं. सई तिच्याकडं गेली. आई शेवटपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मग पुष्कळ दिवसांनी तिला ती भूमिका मिळाली. रोजच्या मालिकेतली हवालदारीण, दोन ओळींचं काम. तिनं पहिल्या दिवशी आरोपीकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यावर लेखकानं तिचे प्रवेश वाढवत नेले. लोक तिचं नाव विसरले, हवालदारीणबाईच म्हणायला लागले. निगडीच्या भाजी बाजारात एकदा आम्ही मेथी घेत होतो. भाजीवालीनं पैसे घेता घेता पदर सरकवून तिला खांदा दाखवला. काळानिळा. "बाई, तुमी पोलिसात हाय म्हनून…" मी म्हणाले, "अहो, त्या खऱ्या पोलीस नाहीत." वहिनीनं मला डोळ्यानंच गप्प केलं. "नवरा आत्ता कुठंय?" तिनं विचारलं. भाजीवालीची टोपली माझ्याकडं देऊन ती तिला घेऊन थेट चौकीत गेली. दीड तास मी मेथी विकली. अशा किती जणींबरोबर ती गेली असेल मला माहीत नाही. तिच्या अंत्यविधीला मोशीच्या स्मशानभूमीत मालिकेतले चारदोन लोक होते, बाकी सगळ्या बायका. गर्दीत मला ती भाजीवालीही दिसली.

दादाही आला होता. तिरडी उचलायची वेळ झाली तसा तो पुढं झाला आणि खांदा द्यायला हात घातला. सई आता एकवीस वर्षांची आहे. ती त्याच्या आडवी आली.

"बाबा, हात लावायचा नाही."

"बायको हाय माजी."

"हात लावायचा नाही."

दादाचा उजवा हात वर गेला. सगळ्यांनी श्वास धरला. पण त्या हाताची मूठ वळत नाही. तो तसाच वर राहिला, बोटं वेडीवाकडी, आणि मग दादानंच त्याच्याकडं असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. बायका पुढं सरकल्या. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी त्याला तिथंच तुडवलं असतं. मी त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं, रिक्षात बसवलं. भाऊ आहे माझा. रिक्षात तो रडला. मला त्याची दया आली नाही, आणि आली नाही याचं वाईटही वाटलं नाही.

तेराव्यानंतर मी सईच्या सोबतीला मोशीच्या फ्लॅटवर राहायला गेले. पहिल्या सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. म्हणाले, "हल्ली जाग येत नाही हो वेळेवर. बाई सहाला ओरडायच्या ना." मला कळलं नाही. सईनं सांगितलं, आई रोज सकाळी गच्चीवर जाऊन किंचाळायची. कामाचा सराव म्हणून सुरू केलं होतं, पण मालिकेत किंचाळायचं काम संपून वर्षं झाली तरी सोडलं नव्हतं. आधी सोसायटीत तक्रारी झाल्या, मग सवय झाली, मग दोनचार बायकाच हळूच वर यायला लागल्या…

दुसऱ्या दिवशी सई मला वर घेऊन गेली. पाण्याच्या टाक्यांच्या पलीकडं चाकणच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली. कठड्यापाशी सिमेंटचा एक तुकडा पायांनी घासून गुळगुळीत झाला होता. सई त्यावर उभी राहिली, डोळे मिटले आणि ओरडली. खालच्या तारेवरची कबुतरं उडाली. कुठंतरी एक खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. मग ती बाजूला झाली आणि मला म्हणाली, "ये."

मी उभी राहिले. तोंड उघडलं. पन्नाशीला आलेल्या मास्तरीणबाईच्या घशातून जे निघालं ते कसलंतरी खरखरणं होतं. मी थांबले. मला रडू यायला लागलं.

सईनं माझ्या पोटावर तिचा हात घट्ट दाबून धरला.

"घशातून नाही, आत्या," ती म्हणाली. "इथून."